हिवाळ्यातलं बर्डिंग आणि इयर लिस्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर संपत आला की पक्ष्यांची नवीन यादी सुरू करणारे काही प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहितेय. जिथे ठरलेला नियम आहे तिथे नियम सांगितलाय, बाकी ठिकाणी माझं मत आहे आणि ते मत म्हणूनच वाचा.

इयर लिस्ट म्हणजे नक्की काय?

१ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळात तुम्ही स्वतः बघितलेल्या किंवा आवाजावरून पक्क्या ओळखलेल्या प्रजातींची यादी, एवढंच. एक प्रजात एकदाच मोजायची, चिमणी रोज दिसली तरी यादीत ती एकच. लाइफ लिस्ट आयुष्यभर चालते आणि काही वर्षांनी तिच्यात एखादं नवीन नाव पडायलाही महिनोन्महिने लागतात, इयर लिस्ट मात्र १ जानेवारीला परत शून्यावर येते आणि त्यामुळे कावळा, साळुंकी, पारवा हे सगळे पुन्हा थांबून नीट बघावे लागतात. मला यातलं हेच सगळ्यात जास्त आवडतं, कारण नेहमीच्या पक्ष्यांकडे बघणं आपण कधी सोडून दिलं ते आपल्याला कळतही नाही.

वर्ष बारा महिन्यांचं आहे, मग हिवाळ्यातच एवढी धावपळ कशाला?

कारण हिवाळी पाहुणे थांबणार नाहीत. खंड्या, बुलबुल, सुतार हे तुमच्याकडे बारमाही असतील तर ते ऑगस्टमध्येही दिसतील, पण उत्तरेकडून आलेली बदकं एकदा गेली की मधले सहासात महिने गेलीच. म्हणून जानेवारीत माझा क्रम ठरलेला असतो, आधी जाणारे पक्षी आणि मग राहणारे. बरेच जण नेमकं उलटं करतात, घराजवळचे सगळे निवासी पक्षी टिक करत बसतात कारण आकडा भराभर वाढतो आणि छान वाटतं, आणि मार्च उजाडला की पाणथळीवर जावं तर निम्मी बदकं निघून गेलेली.

उत्तर गोलार्धात अजून एक गंमत आहे. कॅलेंडर हिवाळ्याला मधोमध कापतं, त्यामुळे एका वर्षाच्या यादीला दोन अर्धे हिवाळे मिळतात, जानेवारी ते मार्च आणि परत नोव्हेंबर-डिसेंबर. म्हणजे जे सुटलं त्याला दुसरी संधी असते, पण त्या संधीवर सगळंच टाकू नका. दरवर्षी नेमाने येणारे पक्षी येतील, पण वॅक्सविंग किंवा क्रॉसबिलसारखे पक्षी बेरी आणि सूचिपर्णी झाडांच्या शंकूंच्या पिकामागे फिरतात, एका हिवाळ्यात झुंडीने येतात आणि पुढच्या हिवाळ्यात फिरकतही नाहीत. असे पक्षी जानेवारीत दिसतायत तर जानेवारीतच बघून घ्या.

दक्षिण गोलार्धात हिवाळा जून ते ऑगस्ट सलग मिळतो. उत्तरेकडचे चिखलपक्षी मात्र तिथल्या उन्हाळ्यात असतात, त्यामुळे जानेवारीत "जाणारे आधी" हा नियम तिथेही लागू पडतो.

जाणाऱ्यांमध्येही आधी कोण जातं?

ढोबळमानाने बदकं आणि गीज लवकर हलतात, उत्तरेतलं पाणी वितळायला लागलं की ती त्याच्या मागोमाग सरकत जातात. चिखलपक्षी म्हणजे वेडर्स त्यामानाने उशिरा निघतात, त्यातले जे आर्क्टिक टुंड्रात घरटी करतात त्यांना तिथलं बर्फ जाईपर्यंत घाई करून उपयोग नसतो. म्हणून बदकं आधी आणि वेडर्स नंतर. उशिराचा अजून एक फायदा, निघायच्या आधी बऱ्याच वेडर्सना विणीचे रंग चढायला लागतात आणि जानेवारीत ज्याच्याकडे बघून डोकं दुखायचं तोच पक्षी एप्रिलमध्ये लांबून ओळखू येतो.

हे सगळं माझ्या भागासाठी कसं कळणार?

ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवरचे बार चार्ट बघा. २००२ साली कॉर्नेल लॅब ऑफ ऑर्निथॉलॉजी आणि नॅशनल ऑडुबॉन सोसायटी यांनी ते सुरू केलं, आणि ते फुकट आहे. कुठलाही प्रदेश निवडला की प्रत्येक प्रजातीपुढे वर्षभराची पट्टी येते, दर महिन्याचे चार भाग, पट्टी जाड तिथे पक्षी जास्त वेळा नोंदला गेलाय. ज्यांची पट्टी मार्चच्या आसपास बारीक होऊन संपते ती नावं वेगळ्या कागदावर उतरवा, तीच तुमची जानेवारी-फेब्रुवारीची यादी. टार्गेट स्पेसीज नावाची सोय पण आहे, तुम्ही अजून न बघितलेले पक्षी किती टक्के चेकलिस्टमध्ये, म्हणजे लोकांनी एकेका फेरीत केलेल्या नोंदींच्या यादीत, येतात ते ती सांगते. संध्याकाळी एक तास यावर घालवला की पुढचे वीकेंड कुठे काढायचे ते आपोआप ठरतं.

पहाटे अंधारात उठायलाच लागतं का?

जागेवर अवलंबून आहे. झाडीतले छोटे कीटकभक्षी पक्षी कडक थंडीत उगवतीला फारसे हलत नाहीत, कोवळं ऊन झाडाच्या शेंड्यावर पडलं की तिथे हालचाल सुरू होते, तेव्हा उन्हाच्या बाजूला उभे राहा. शिकारी पक्षी जमीन तापून हवा वर उठायला लागल्यावर म्हणजे सकाळ बरीच वर आल्यावर घिरट्या घालतात. बदकं दिवसभर पाण्यावर असतात, तिथे वेळेपेक्षा सूर्य तुमच्या पाठीशी आहे की नाही ते महत्त्वाचं. समुद्रकिनारी घड्याळापेक्षा भरती-ओहोटीचं कोष्टक बघा, भरतीच्या दोनेक तास आधी पोचलात तर पाणी चढत जातं तसे वेडर्स चिखल सोडून तुमच्याकडे सरकतात, आणि पूर्ण ओहोटीला गेलात तर तेच पक्षी क्षितिजावरचे ठिपके.

आणि संध्याकाळ सोडू नका. हिवाळ्यात खूप पक्षी रात्रीच्या निवाऱ्याला एकत्र येतात. धोबी वेळूत नाहीतर झाडांवर जमतात, मैनांच्या कुळातले पक्षी प्रचंड थव्यांनी, आणि हॅरियर म्हणजे भोवत्या हा शिकारी पक्षी तर उंच गवतात जमिनीवर एकत्र रात्र काढतो. दिवसभर माळरानावर फिरून एखादा दिसतो तिथे सूर्यास्ताच्या वेळी एका जागी उभं राहून अनेक बघायला मिळतात. फक्त लांब थांबा, निवाऱ्यावरून उठवलेला पक्षी अंधारात दुसरी जागा शोधत बसतो.

जंगलात तासभर फिरलो, एक पक्षी नाही. हिवाळ्यात जंगल रिकामं असतं का?

रिकामं नसतं, पक्षी एका ठिकाणी गोळा झालेले असतात. विणीच्या हंगामात प्रत्येक जोडी आपापला इलाखा धरून असते, हिवाळ्यात तेच पक्षी वेगवेगळ्या जातींचे मिळून एकत्र फिरतात. याला मिश्र थवा म्हणतात. जास्त डोळे असले की ससाणा लवकर दिसतो आणि खाण्यात जास्त वेळ घालवता येतो, त्यामुळे टिट, नटहॅच, सुतार, पर्णवटवटे, माशीमार असे सगळे एकाच वाटेने सरकत जातात. म्हणून अर्धा तास काहीच नसतं आणि मग पाच मिनिटांत कुठे बघू आणि कुठे नको असं होतं.

अशा वेळी दोन गोष्टी करते. पहिली, चालण्यापेक्षा ऐकते, कारण थवा दिसायच्या आधी टिटचा चिवचिवाट ऐकू येतो. दुसरी, थवा सापडला की पहिल्या पक्ष्यावर अडकून राहत नाही, नेहमीचे पटकन बाजूला काढत जाते आणि थव्याच्या शेवटापर्यंत थांबते, मागून हळू येणारे, बुंध्यावर चढणारे, खाली पाचोळ्यात असणारे पक्षी बहुतेक लोक निघून गेल्यावर येतात. थवा कुठल्या दिशेने चाललाय ते बघून वळसा घालून पुढे जाऊन उभं राहिलं तर तोच थवा परत एकदा अंगावरून जातो.

बदकं सगळी सारखीच दिसतात. सुरुवात कुठून करू?

नरांपासून, आणि ती पण मध्य हिवाळ्यात. उन्हाळ्याच्या शेवटी नर बदकं पिसं टाकतात आणि काही आठवडे मादीसारखी मळखाऊ दिसतात, याला एक्लिप्स म्हणतात. जानेवारीपर्यंत बहुतेक नर पूर्ण रंगात आलेले असतात कारण बऱ्याच जातींच्या जोड्या हिवाळ्यातच जमतात. थापट्याची चोच चमच्यासारखी रुंद. तलवार बदकाची मान लांब, मानेवर पांढरी रेघ चढत जाते आणि शेपूट टोकदार. भुवई बदकाच्या डोळ्यावरून जाड पांढरी भुवई. विजनचं डोकं तांबूस आणि कपाळ मलईच्या रंगाचं. गॅडवॉल लांबून नुसता राखाडी वाटतो पण मागचा भाग काळा, आणि उडाला की पंखावर पांढरा चौकोन चमकतो.

नर पक्के झाले की माद्यांकडे वळा. मादीसाठी चोचीचा आकार आणि रंग, आणि पंखावरचा चमकता पट्टा म्हणजे स्पेक्युलम बघा. शेजारी कुठला नर आहे त्यावरून अंदाज येतो पण तो अंदाजच, मिश्र थव्यात कोणीही कोणाच्याही शेजारी पोहत असतं.

आणि ते चिखलातले करडे-तपकिरी पक्षी?

इथे घाई करू नका. पाय, चोच आणि चालण्याची पद्धत या तीन गोष्टींवर लक्ष ठेवा, रंगावर नाही. सतत मागचा भाग वरखाली हलवणारा आणि खांद्यापुढे पांढरी पाचर वर घुसलेली असेल तर साधा तुतवार. उडताना पंखाची खालची बाजू काळपट आणि कमरेवर ठळक पांढरं असेल तर हिरवा तुतवार, पंखाखालून फिकट असेल तर ठिपकेवाला. एवढं करून राहतील ते एप्रिलसाठी ठेवा.

पिवळं पोट दिसलं म्हणजे पिवळा धोबी ना?

नाही, आणि इयर लिस्टमध्ये ही चूक फार सापडते. करड्या धोब्याचंही पोट पिवळं असतं. पाठ बघा, करडी असेल तर करडा धोबी, हिरवट असेल तर पिवळा. करड्याची शेपूट खूप लांब, पाय फिकट गुलाबीसर आणि तो वाहत्या पाण्याच्या दगडांवर जास्त. पिवळ्याचे पाय काळे, शेपूट त्यामानाने आखूड आणि तो ओलसर गवतात, गुरांच्या पायाशी.

नुसता आवाज ऐकला, पक्षी दिसला नाही. मोजू का?

आवाजावरून ओळख पक्की असेल तर मोजा, बहुतेक सगळ्या लिस्टिंगच्या नियमांमध्ये ते चालतं. घुबडं, रातवे यांच्या बाबतीत तर बऱ्याचदा दुसरा उपाय नसतो. पण पक्षी ओळखणाऱ्या मर्लिन ॲपने स्क्रीनवर नाव दाखवलं म्हणून टिक करायचं, हे मला मान्य नाही. त्यातलं साउंड आयडी, म्हणजे आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सुचवणारी सोय, २०२१ मध्ये आलं आणि शिकायला ते खरोखर उत्तम आहे, पण नक्कल करणारे पक्षी, खारी, मागचा गोंगाट यावर ते फसतं. ॲपने नाव दाखवलं की ती इशारत समजा, पक्षी शोधा किंवा तो आवाज स्वतःच्या कानांनी जुळवून बघा, मग लिहा.

काय मोजायचं नाही?

पिंजऱ्यातला, पाळलेला, जाळ्यात किंवा हातात धरलेला, मेलेला. कोणीतरी सोडून दिलेला किंवा पळालेला पक्षीही नाही, ईबर्डवर तो नोंदवता येतो पण पळालेला म्हणून वेगळा पडतो आणि बेरजेत येत नाही. परदेशी प्रजात तिथे पिढ्यानपिढ्या स्वतःच्या बळावर वाढत असेल तर ती मोजतात. ट्रॅप कॅमेऱ्यात आलेला पक्षी तुम्ही बघितलेला नाही, सोडून द्या.

घरी येऊन फोटो मोठा केला आणि मागच्या फांदीवर दुसराच पक्षी दिसला, तर काय यावर लोकांची मतं वेगळी आहेत. मी मोजत नाही. पक्षी तिथे असताना आपलं त्याच्याकडे लक्ष गेलेलं असावं, त्याची ओळख नंतर पटली तरी चालेल.

शंभर टक्के खात्री नाही, नव्वद आहे. लिहू का?

नाही लिहायचं. ईबर्डवर "बदकाची कुठलीतरी जात" असं नोंदवायची सोय आहे, ती वापरा. यादी तुमची स्वतःची आहे हे खरं, पण तुमची नोंद पुढे अभ्यासात वापरली जाते. एखादा दुर्मीळ पक्षी वाटला तर फील्ड गाइड उघडायच्या आधी जे दिसलं ते तिथल्या तिथे लिहा किंवा फोनवर बोलून ठेवा, कारण चित्र बघितलं की आठवण त्या चित्रासारखी व्हायला लागते. फोनने काढलेला धूसर फोटोसुद्धा कामाचा असतो, नोंद तपासणारे रिव्ह्यूअर माहिती विचारतात तेव्हा राग मानू नका.

दुर्बीण कुठली? ८ बाय ४२ की १० बाय ४२?

पहिली दुर्बीण असेल तर ८ बाय ४२. पहिला आकडा किती पट जवळ दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ ने भागलं की ५.२५ मिमी, एवढा प्रकाशाचा गोल डोळ्यापर्यंत येतो, १० पटीत तोच ४.२ मिमी होतो. हिवाळ्यात सकाळ-संध्याकाळचा उजेड कमी, हात थंडीने थरथरतात, मिश्र थवा भराभर सरकतो, या सगळ्यात ८ पट सोपी पडते. मोठ्या पाणथळी आणि किनारे हीच तुमची नेहमीची जागा असेल तर १० घ्या, किंवा खरं तर कोणाच्या तरी स्कोपमधून म्हणजे तिपाईवरच्या दूरदर्शकातून बघा.

कडक थंडीत फोन आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या लवकर उतरतात, एक जास्तीची आतल्या खिशात ठेवा. गार बाहेरून उबदार खोलीत आलात की दुर्बीण बॅगेतच बंद राहू द्या, नाहीतर भिंगांवर दव धरतं.

धुकं, पाऊस, वारा असेल तर जाऊ नये का?

जोराचा वारा सगळ्यात वाईट, छोटे पक्षी झुडपात दबून बसतात आणि कॉल ऐकू येत नाहीत. धुकं विरेपर्यंत थांबून राहणं मात्र फायद्याचं ठरतं. जिथे पाणी गोठतं तिथे कडाक्याची थंडी यादीसाठी चांगलीच, सगळी तळी गोठली की जिथे वाहतं पाणी उरलंय तिथे सगळे पाणपक्षी येऊन जमतात. पण तेव्हाच त्यांना हुसकावणं सर्वात महाग पडतं. पाच-सहा ग्रॅमचा गोल्डक्रेस्ट हिवाळ्याची लांब रात्र दिवसभरात साठवलेल्या चरबीवर काढतो, चिकडी नावाचा छोटा पक्षी तर रात्री शरीराचं तापमान काही अंश खाली आणतो. फोटोसाठी त्यांना तीन वेळा उडवलं तर त्यांच्या रात्रीच्या हिशोबातून तेवढं कमी होतं.

दुर्मीळ पक्षी आल्याची बातमी आली, सगळं सोडून जाऊ?

जाता येत असेल तर जा, तिथे अनुभवी लोक भेटतात आणि एका दिवसात खूप शिकायला मिळतं. पण विश्रांती घेणाऱ्या घुबडाला वीस जणांनी घेरलं असेल तर मी लांबून बघून निघते. पक्ष्याचा रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही, घुबडांना उंदीर दाखवायचा नाही, घुबडाचा निवारा जगजाहीर करायचा नाही. ईबर्डसुद्धा काही संवेदनशील प्रजातींची नेमकी जागा लपवतं, ते उगाच नाही.

नोंद कशी ठेवू? वहीत चालेल?

चालेल. पण वहीतून नंतर ईबर्डवर टाकलीत तर इयर लिस्ट आपोआप मोजली जाते. वेळ, अंतर आणि दिसलेले व ओळखू आलेले सगळे पक्षी लिहा, म्हणजे ती पूर्ण चेकलिस्ट होते. नुसते नवीन पक्षी लिहिले तर कावळे नव्हतेच की लिहिले नाहीत हे कोणालाच कळत नाही. आणि शक्य तिथे संख्या टाका, अंदाजे का होईना.

मध्येच प्रजाती एकत्र होतात, फुटतात. मग माझा आकडा?

बदलतो. ईबर्ड आपलं वर्गीकरण साधारण वर्षातून एकदा अपडेट करतं. २०२४ मध्ये रेडपोल या छोट्या पक्ष्याच्या सगळ्या जाती मिळून एकच झाली, आणि हेरिंग गल या समुद्रपक्ष्याच्या चार वेगळ्या प्रजाती झाल्या. म्हणून उपप्रजात ओळखू आली तर ती पण लिहून ठेवा, पुढे फुटली की घरबसल्या एक वाढते.

किती आकडा म्हणजे चांगला?

जगात ११,००० च्या वर प्रजाती आहेत. २०१५ मध्ये नोआ स्ट्रायकर यांनी एका वर्षात ६,०४२ बघितल्या, पुढच्याच वर्षी आर्यन ड्वार्सहाउस यांनी ६,८०० चा टप्पा ओलांडला. ते पूर्ण वर्ष फक्त त्यासाठी दिलेले लोक, त्या आकड्यांशी आपली तुलना नको. मागच्या वर्षीचा स्वतःचा आकडा घ्या, किंवा पायी आणि सायकलवर पोचता येईल तेवढ्याच परिसराची यादी करा. दुसरी मला जास्त आवडते, एकाच तळ्यावर दर आठवड्याला गेलं की बदकं कुठल्या आठवड्यात गेली हे तुम्हाला चार्ट न बघता सांगता येतं.

हिवाळ्यात भाग घेता येईल अशी एखादी मोजणी आहे का?

आहे. ख्रिसमस बर्ड काउंट १९०० साली फ्रँक चॅपमन यांनी सुरू केली, सुटीत पक्षी मारण्याची चढाओढ चालायची तिच्याऐवजी मोजूया म्हणून, पहिल्या वर्षी २७ माणसं होती. ती मुख्यतः अमेरिका खंडात, १४ डिसेंबर ते ५ जानेवारी चालते. ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट फेब्रुवारीत चार दिवस असते, २०१३ पासून जगभर, कुठेही पंधरा मिनिटं मोजलं तरी पुरतं. नवीन माणसाने यापासूनच सुरुवात करावी.

फेब्रुवारी आला आणि यादी अडकली, आठवडाभर एकही नवीन नाही. काय करू?

हे सगळ्यांचं होतं, सुरुवातीला आकडा झपाट्याने चढतो आणि मग सपाट होतो. नेहमीच्याच जागी जास्त वेळा जाऊन फारसं वाढत नाही, अधिवास बदला. यादी काढून बघा, बदकं झाली आणि माळरान एकदाही झालं नाही, किंवा सगळ्या फेऱ्या सकाळच्याच, असं काहीतरी सापडतंच. रात्र बहुतेकांची राहिलेली असते. बरीच घुबडं हिवाळ्याच्या उत्तरार्धात सगळ्यात जास्त बोलतात कारण त्यांची वीण लवकर सुरू होते, तेव्हा वारा नसलेल्या रात्री परवानगी असेल तिथे, कोणालातरी सोबत घेऊन, टॉर्च बंद ठेवून वीस मिनिटं नुसते उभे राहा. आणि त्याच दिवसांत सकाळी सुतार वाळक्या खोडावर ठोके द्यायला लागतात, एरवी पानाआड गप्प बसणारी सुतारांची एखादी जात त्या आवाजावरून शोधायची तर पानगळीच्या जंगलात पालवी फुटायच्या आधीचे हे दोन-तीन आठवडे सोडू नका.